पान एकशे बेचाळीस

मोठ्याने वाचायची सवय मला लागली ती पेपरमुळे. आमचं घर नांदेडला, मूळ गाव भोकरकडचं. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. संध्याकाळी आमच्या वस्तीत बुद्धविहाराच्या ओट्यावर माणसं जमायची आणि ज्याला वाचता येतं त्याने सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा, असा तिथला रिवाज होता. सहावीत असताना ही पाळी माझ्यावर आली. पण नुसतं वाचून भागत नसे. बातमी संपली की वाचणाऱ्याने तिच्यावर आपलं मत द्यायचं आणि मग ऐकणाऱ्यांनी ते खोडून काढायचं. एखाद्या मंत्र्याचं आश्वासन वाचून मी गप्प बसले, तर एक म्हातारे बाबा काठी आपटून म्हणायचे, "पेपरचं म्हणणं झालं. आता तुझं सांग की." मी तेव्हा परकर-पोलक्यात होते आणि मंत्रिमंडळावर मत देत होते. ती खोड जी लागली ती लागलीच.

पुढे शिक्षण झालं आणि लातूरच्या एका कॉलेजात लायब्ररीत तात्पुरती नोकरी मिळाली. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. गावात रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसचा बोर्ड लागायचा. आधी बोर्ड यायचा, मग साहेब यायचे, खुर्च्या सगळ्यांत शेवटी. एका नव्या ऑफिसने तर आमच्याच कॉलेजच्या दोन खोल्या आणि वाचनालयातले बाक उसने नेले आणि परत द्यायचं नावच काढलं नाही. त्यात पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. नळाला पाणी नाही, विहिरी तळाला गेलेल्या. टँकर कधी येईल याचा नेम नसल्यामुळे अर्धं गाव घागर हाताशी ठेवूनच कामाला बसायचं. माझीही घागर लायब्ररीच्या दाराशी असायची. प्राचार्यांना ते आवडायचं नाही. पण त्यांची बादली ऑफिसच्या टेबलाखाली असल्यामुळे ते काही बोलू शकत नव्हते.

अशा दिवसांत एक विद्यार्थी माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. औश्याजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. ब्रेल शिकलेला होता, पण बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचं राज्यशास्त्र मराठीतून ब्रेलमध्ये मिळेल तर शपथ. आजवर मित्रांनी वाचून दाखवलं त्यावर त्याने दोन वर्षं काढली होती. मित्र चांगले होते, पण त्यांच्या सवडीने चांगले. ज्याच्याशी भांडण व्हायचं त्याच्याकडचा विषय बुडायचा, आणि भांडण्यात हा कुणाला हार जाणारा नव्हता.

नापास होऊन चालणार नव्हतं, याचं कारण त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. गावच्या देवळात भजनाला पेटीवाला नव्हता. आंधळं लेकरू म्हटलं की लोक पेटी पुढे सरकवतात, तशी त्याच्या चुलत्यांनी ती आणूनही ठेवली होती. पास झाला तर बी.एड., मग मास्तरकी. नाही झाला तर गावी यायचं आणि जन्मभर पेटी वाजवायची, असं घरात ठरलं होतं. "मॅडम, माझा गळा तुम्ही ऐकला न्हाई," तो म्हणाला. मग त्याने दोन ओळी गाऊन दाखवल्या. शेजारच्या टेबलावरचे दोघे पुस्तकं मिटून बाहेर गेले. देवावर अन्याय होऊ नये एवढ्यासाठी तरी या माणसाला पास करायलाच हवं, असं माझ्या मनाने घेतलं.

कॉलेजात एक टेपरेकॉर्डर होता. तो वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला बाहेर यायचा आणि एरवी प्राचार्यांच्या कपाटात कुलपात असायचा. मी तो मागितला तर ते म्हणाले, बिघडला तर जबाबदार कोण? मी म्हटलं, कपाटात राहून गंजला तर जबाबदार कोण? माझं डोकं लवकर तापतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी किल्ली दिली. कोऱ्या कॅसेट मात्र नव्हत्या. नवा जिल्हा झाल्यापासून लातूरला इतके सत्कार झाले होते की कपाटाचा खालचा कप्पा भाषणांच्या कॅसेटींनी भरला होता. त्यातल्या नऊ मी न विचारता उचलल्या. जिल्ह्याच्या विकासावरची दोन पुढाऱ्यांची भाषणं अशी राज्यशास्त्राच्या पोटात गेली. कुणाला त्यांची उणीव भासल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

रोज दुपारी एक तास लायब्ररीमागच्या अडगळीच्या खोलीत बसून मी वाचायचे. तो संध्याकाळी टेप खोलीवर नेऊन ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन तक्रारी करायचा. एक तक्रार रास्त होती. अभ्यासाला बसली की मुलं एकमेकांना म्हणतात, अमुक पुस्तकाचं अमुक पान काढ, तेव्हा पानं फडफडतात आणि हा नुसता बसून राहतो. म्हणून पान संपलं की नंबर सांगत जा, असं त्याने सांगितलं. मी सांगायला लागले. पान सत्त्याऐंशी संपलं. पान अठ्ठ्याऐंशी संपलं.

आणि ओट्यावरची माझी खोड होतीच. पुस्तक वाचता वाचता मत दिल्याशिवाय मला राहवेना. पुस्तक होतं जिल्हा प्रशासनावरचं. लिहिणारे मोठे प्राध्यापक असतील, पण त्यांचं वाक्य एकदा सुरू झालं की कुठे थांबायचं हे त्यांनाच कळत नसे. 'तथापि' या शब्दावर तर त्यांचं भारी प्रेम. मी वाचायचे आणि मध्येच सांगायचे, की बाबा रे, हे वाक्य सकाळी सुरू झालंय, संपलं की तुला उठवते. किंवा, हे पुस्तकातलं आहे, खऱ्या तहसीलमध्ये असं काही होत नाही, तिथे आधी शिपायाला भेटावं लागतं. तो म्हणायचा, तुमच्या शेऱ्यांनी विषय डोक्यात बसतो. ऐकून मी आणखी चेकाळायचे.

यात एक घोटाळा होत होता, तो दोघांच्याही लक्षात आला नाही. शेरे मी माझ्या आवाजात मारायचे. पुस्तक मात्र पुस्तकाच्या आवाजात, सरळ, एका सुरात वाचायचे. आणि पानाचा नंबरही त्याच सुरात सांगायचे.

परीक्षा झाली. त्याला लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी दिली होती. लेखनिक कमी शिकलेला असावा असा नियम होता आणि ती मुलगी नियमाला अगदी धरून होती. जे कानावर पडेल ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तो बोलत गेला, ती लिहीत गेली. त्याला धडा पाठ नव्हता, कॅसेट पाठ होती. ती डोक्यात फिरायला लागली, तसा माझा आवाज तेवढा त्याने गाळला. पुस्तकाचा आवाज सगळा लिहवला.

निकाल लागला तेव्हा त्याच्या नंबरापुढे काहीच नव्हतं. चौकशी केली तर कळलं, कॉपीच्या संशयावरून निकाल राखून ठेवलाय. उत्तरपत्रिकेत एकाच पुस्तकातला मजकूर शब्दाला शब्द होता आणि त्यात तीन ठिकाणी लिहिलं होतं, "पान एकशे बेचाळीस संपलं", "पान एकशे त्रेचाळीस संपलं", "पान एकशे चव्वेचाळीस संपलं". ज्याला कॉपी करायची तो पानाचे नंबर कशाला उतरवील, एवढी साधी गोष्ट तपासणाऱ्याला सुचली नाही, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग एकदम लक्षात आलं की ते नंबर कुणाच्या तोंडचे. राग कुणावर काढावा ते कळेना. बी.एड.चे अर्ज सुटले होते, आणि गावाकडून निरोप आला होता की पेटीचे भाते दुरुस्त करून घेतलेत.

चौकशी समिती नांदेडला एका कॉलेजात बसणार होती. मी माझं म्हणणं मांडायला म्हणून बरोबर गेले. पिशवीत टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट. सकाळच्या एस.टी.ने निघालो, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरलो. वाटेत तो बी.एड.ला कोणत्या विषयाची अध्यापनपद्धत घ्यावी याचा विचार करत होता. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. आम्हा दोघांनाही वाटत होतं, कॅसेट लावली की पाच मिनिटांत प्रकरण मिटेल.

समितीची माणसं तीन. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, शांत. शेजारच्या चष्मेवाल्या सदस्यांनी प्रस्तावना केली. म्हणाले, या विद्यार्थ्याने ज्या पुस्तकातून मजकूर उचलल्याचा संशय आहे, त्याचे लेखकच सुदैवाने आज अध्यक्ष आहेत, त्यामुळे पडताळणी सोपी जाईल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी काय काय बोलले होते ते एकेक आठवायला लागलं. नोकरी तात्पुरती होती आणि ती पक्की करताना शेरा लिहिणारी असलीच मोठी माणसं असतात, एवढं मला कळत होतं. मी पिशवी मांडीवर घेतली, हात आत घातला, टेपच्या मागचं झाकण सरकवलं आणि सेल एकेक करून काढून पर्समध्ये टाकले. त्यांनी पुरावा मागितला तेव्हा मी टेप टेबलावर ठेवला, बटण दाबून दाखवलं आणि म्हटलं, सेल गेलेले दिसतात. लाईट तर गेलेलीच होती. खोटं बोलताना माझा चेहरा फार प्रामाणिक दिसतो, असं आई नेहमी म्हणायची.

त्याने मान माझ्याकडे वळवली. बसमध्ये तो टेप त्याच्या मांडीवर होता आणि लोह्यापर्यंत त्याने त्यातल्या रेडिओवर बातम्या ऐकल्या होत्या. मग मान पुन्हा समोर केली.

मग त्यांनी त्याला पाठ म्हणायला सांगितलं. त्याने एकशे बेचाळीस पान धडाधड म्हणून दाखवलं, नंबरासकट. सदस्यांनी पुस्तक मध्येच उघडून सत्त्याण्णवावं पान विचारलं, त्याने तेही म्हटलं. माझा एकही शेरा त्याने ओठावर येऊ दिला नाही. एका ठिकाणी जरा अडखळला, तिथे मी लेखकाच्या पूर्णविरामांबद्दल बोलले होते. म्हणजे त्यालाही कळलं होतं की समोर कोण बसलंय आणि मी टेप का बंद पाडलाय.

अध्यक्ष म्हणाले, पाठांतर उत्तम आहे. पण पानाचे नंबर चौकशीची नोटीस आल्यावरही पाठ करता येतात. परीक्षेआधी ते टेपवर होते याला पुरावा काय? टेप चालत नसेल तर आम्हाला कागद बघूनच ठरवावं लागेल.

तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ठीक हाय सर. पुरावा न्हाई." एवढंच बोलून काठी चाचपायला लागला. माझी नोकरी वाचवायला हा माणूस निमूटपणे पेटी वाजवायला निघाला होता. मला त्याचा असा राग आला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मी पर्स उघडली, सहाच्या सहा सेल टेबलावर ओतले आणि म्हटलं, "सेल चांगले आहेत, सर. मीच काढले होते. कॅसेट ऐका. आणि मग माझं काय करायचं ते करा."

कॅसेट लागली. पुस्तकाच्या आवाजात मी वाचत होते, की टंचाईच्या काळात जनतेस पिण्याच्या पाण्याचा पुरवठा करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते, तथापि, वगैरे. मग माझा आवाज: आणखी एक तथापि, हा या पानावरचा चौथा, आणि लेखकमहाशयांनी टंचाई बहुतेक नकाशावरच बघितलेली दिसतेय. चष्मेवाले सदस्य खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागले. तेवढ्यात कॅसेटमध्ये लांबून हॉर्न वाजला. "थांब रे, टँकर आला," मी म्हणाले, खुर्ची सरकली आणि घागर कशाला तरी आपटली.

टेप बंद करायचं मी त्या दिवशी विसरले होते. त्यामुळे पुढची चार मिनिटं टेबलाभोवती बसून आम्ही पाण्याची लाईन ऐकली. लांबून आवाज येत होते, पण माझा ओळखू येत होता. "ओ मावशी, कामून मधी घुसून राहिल्या? माझा लंबर हाय. मी शिकलेली हाय म्हणून गप बसंल असं वाटलं का?" मावशींनी काय उत्तर दिलं ते सुदैवाने ऐकू आलं नाही. मी पुढे पळवू का, असं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, राहू द्या. मग पावलं आली, घागर टेकली आणि धापा टाकत मी पुस्तकाच्या आवाजात म्हणाले, पान एकशे बेचाळीस संपलं.

अध्यक्षांनी टेप बंद केला. त्यांना माझा राग आला असेल तर त्यांनी तो दाखवला नाही. पुस्तक पुढे ओढलं, ते पान काढलं आणि पेन्सिलीने चार ठिकाणी खुणा केल्या. चौकशीसाठी म्हणून कुणी असली कॅसेट बनवणार नाही, कॉपीचा प्रश्न मिटला, म्हणाले. पण मग त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, की बाकीची मुलं चार पुस्तकं बघतात, तुलना करतात, आपल्या शब्दांत लिहितात. तुझ्या उत्तरात तुझं स्वतःचं एकही वाक्य नाही. तू दुसरी पुस्तकं का बघितली नाहीस?

तो उभाच होता. म्हणाला, "सर, बाकीच्यांना लायब्ररीत या विषयाची बारा पुस्तकं हायेत. मला एकच हाय. त्यात जे हाय ते मला सगळं येतं. त्यात जे न्हाई ते जगात हाय का न्हाई, हे मला कसं कळावं?"

चष्मेवाल्या सदस्यांनी पुस्तक मिटलं. मला तर भांडायला कुणी उरलंच नव्हतं. अध्यक्षांनी कागदावर सही केली आणि निकाल आठवडाभरात कळवू असं सांगितलं.

निकाल कळवला, तो सेकंड क्लासमध्ये पास झाला, बी.एड.ला गेला, पुढे मास्तर झाला आणि पेटी चुलत्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली, हे सगळं नंतरचं. माझी नोकरीही राहिली. त्या दुपारी परतीच्या बसमध्ये मात्र तो खुशीत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. सबंध रान भेगाळलेलं. लोहा गेलं तरी मी बोलले नाही, तेव्हा त्याने विचारलं की तब्येत बरी नाही का.

मी म्हटलं, एक सांगायचंय. त्या बारांतलं हेच पुस्तक मी का निवडलं, माहितीये? ते सगळ्यांत बारीक होतं म्हणून. दुपारचा तासभर घसा फोडायचा तर कमीत कमी पानं असावीत, एवढाच माझा हिशोब होता.

 मी त्याच्या रागाची वाट बघत होते. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं व्हतं," तो म्हणाला, "तुम्ही बाराही वाचली, आन् त्यातलं चांगलं म्हणून हे दिलं."

 थोड्या वेळाने त्याने विचारलं, आवाजात राग नव्हता, नुसती उत्सुकता होती, "मग बाकीच्या अकरांत काय लिहिलंय, मॅडम?"

 मला डोळे होते, लायब्ररीची किल्ली माझ्याकडे होती आणि त्या अकरांतलं एकही पुस्तक मी उघडलेलं नव्हतं.